दोन तारा, एक कॉइल आणि जुन्या रेडिओचा गँग

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. माईकसमोर जे बोललो तेच इथे आहे. मधले "अं" आणि "म्हणजे बघा" थोडे गाळलेत. सगळे नाही.

सुरुवातीला एक छोटं काम. आत्ता हातात फोन असेल, तर तो तुम्ही कसा धरलाय ते बघा. तळव्याचा कुठला भाग फोनच्या कडेला चिकटलाय? त्या तळव्याने तुमच्या फोनच्या अँटेनाचं गणित या क्षणी बिघडवलेलं आहे. आपलं शरीर म्हणजे रेडिओलहरींच्या दृष्टीने खाऱ्या पाण्याची पिशवी. ती अँटेनाला टेकली की अँटेना जणू दुसरीच होते. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा याच गोष्टीवरून जगभर बोंबाबोंब झाली होती. डाव्या खालच्या कोपऱ्यात हात लागला की सिग्नलच्या दांड्या उतरायच्या. शेवटी कंपनीने लोकांना फुकट कव्हर दिली. आजच्या फोनमध्ये या त्रासावर उतारा म्हणून एक बारीकशी चिप असते. हाताने बिघडवलेलं गणित ती गुपचूप पुन्हा जुळवून आणते. तिचं नाव अँटेना ट्यूनर.

हीच वस्तू मी पहिल्यांदा पाहिली ती पोळपाटाएवढ्या लाकडी फळीवर. आमच्या गल्लीत एक काका होते, कारखान्यातून निवृत्त झालेले, हौशी रेडिओवाले. म्हणजे हॅम. फळीवर जाड तांब्याच्या तारेची कॉइल, दोन गँग आणि मगरीच्या जबड्यासारखे दोन चिमटे. गँग म्हणजे जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत स्टेशन लावायला जो पंख्यासारख्या पात्यांचा कंडेन्सर असायचा, तो. खिडकीच्या चौकटीतून दोन उघड्या तारा आत आलेल्या, एकमेकींपासून वीतभर लांब. मी विचारलं, "काका, ह्या तारेला हात लावला तर चालेल का?" काका म्हणाले, "लाव की. मी मोर्स की दाबेपर्यंत चालेल."

त्या दोन तारा आणि ती फळी, आजची गोष्ट यांचीच.

गोष्ट सुरू होते एका कायद्यापासून. १९१२ साली अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि हौशी लोकांना सांगितलं, तुम्ही २०० मीटर किंवा त्याहून आखूड लहरींवर काय खेळायचं ते खेळा. त्या काळच्या मोठमोठ्या जाणकारांची खात्री होती की लांब जायचं तर लहरही लांब हवी. आखूड लहरींचा काहीच उपयोग नाही. थोडक्यात, गावातली चांगली जमीन सरकारने, नौदलाने आणि कंपन्यांनी घेतली आणि पोरांना गावाबाहेरचं माळरान देऊन टाकलं.

माळरानात सोनं निघालं. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी रेडिओवाला बोटीने अटलांटिक पार करून स्कॉटलंडला गेला. अर्ड्रोसन गावाजवळ ऐन थंडीत तंबू ठोकून बसला आणि तिथून त्याने अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या लेऑन डेलॉय आणि अमेरिकेच्या फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरच्या आसपास दोन्ही बाजूंनी बोलणं करून दाखवलं. आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा मुलगा थेट न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी बोलला. पृथ्वीची जवळजवळ दुसरी बाजू! हा गॉयडर नंतर हिंदुस्थानात आला आणि आपल्या ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. तुमच्या आजोबांनी शॉर्टवेव्हवर ज्या बातम्या ऐकल्या, त्या यंत्रणेच्या पायात त्या शाळकरी हौसेचा एक दगड आहे.

आता अडचण कुठे आली बघा. लहरी आखूड झाल्या तशी अँटेना घरापुरती झाली. ४० मीटरच्या लहरीला अर्धी लांबी, म्हणजे साधारण २० मीटर तार पुरते. ही तार उंच हवी, मोकळ्यावर हवी. पण रेडिओ तर खाली, खोलीत. मग वीज वर न्यायची कशी? एकच तार खालून वर नेली तर ती तारच लहरी फेकायला लागते, अगदी तुमच्या पलंगाजवळून. अर्धी ताकद भिंतींना, पाण्याच्या पाइपांना आणि शेजाऱ्याच्या रेडिओला.

याचं उत्तर जर्मनीत आधीच सापडलेलं होतं, तेही फार वेगळ्या कारणासाठी. झेपेलिन विमानं आठवतात? सिगारच्या आकाराचे अजस्र फुगे. आत हायड्रोजन, म्हणजे एक ठिणगी पुरे. अशा फुग्यातून रेडिओ चालवायचा तर अँटेनाची तार खाली लोंबती सोडायची. पण अर्ध्या लहरीच्या तारेच्या टोकाला व्होल्टेज प्रचंड असतं आणि ते टोक फुग्याजवळ नको. हान्स बेगेरो याने १९०९ मध्ये पेटंट घेतलं त्यातली युक्ती अशी: फुग्यापासून आधी दोन समांतर तारा पाव लहरीइतक्या खाली न्यायच्या आणि मग त्यातल्या एकीला खरी अँटेना जोडायची. पाव लहर चालून आलं की उच्च व्होल्टेजच्या जागी कमी व्होल्टेज मिळतं. धोक्याचं टोक लांब राहिलं. १९२० च्या दशकात हौशी लोकांनी ही युक्ती उचलली, आडवी केली, घराच्या छपरावर टांगली आणि तिला लाडाने 'झेप' म्हणू लागले. मराठीत ते नाव उगाच छान वाटतं.

दोनच तारा का, हे समजून घेऊ. रस्सीखेच बघितली आहे ना? दोन्ही बाजूंना सारखी ताकद असेल तर दोरी ताणलेली असते, आत प्रचंड जोर असतो, पण लांबून बघणाऱ्याला दोरी हललेलीच दिसत नाही. दोन समांतर तारांत वीज सारखी आणि नेमकी उलट दिशेने वाहते. एकीने जे हवेत टाकलं ते दुसरी पुसून टाकते. ताकद निमूट वर अँटेनापर्यंत जाते. यालाच बॅलन्स्ड फीडलाइन म्हणतात. झेपमध्ये थोडी खोट होती, कारण एक तार अँटेनाला जोडलेली आणि दुसरी नुसतीच संपलेली, त्यामुळे तोल पूर्ण साधत नसे. म्हणून पुढे तार मधोमध कापून दोन्ही फीडर दोन्ही अर्ध्यांना जोडायची पद्धत रूढ झाली.

आणि ही फीडलाइन कुठल्या दुकानातून आणायची? दुकान कशाला! दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या, दोन तारांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, झाली ६०० ओहमची लाइन. ओहमचा आकडा तारेची जाडी आणि मधलं अंतर यांच्या प्रमाणावरून ठरतो, बाकी कशावरून नाही. अंतर सारखं राहावं म्हणून मध्ये मध्ये आडव्या काड्या बांधायच्या. त्या काळी लाकडाच्या काड्या मेणात उकळून घेत, म्हणजे पावसाचं पाणी शोषणार नाहीत. आपले काका पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरायचे. दिसायला शिडीसारखं दिसतं, म्हणून तिला लॅडर लाइनही म्हणतात.

आता फळीकडे येऊ. खालून ट्रान्समीटर जी वीज देतो तिची एक आवड असते. वरून तारा जे ओझं दाखवतात ते त्या आवडीशी जुळेलच असं नाही. उलट ८० मीटरला एक ओझं, ४० ला दुसरं, २० ला तिसरं. सायकलवर चढ लागला की गिअर बदलता, तेव्हा चढ कमी होत नाही, फक्त तुमच्या पायांना झेपेल असा होतो. ट्यूनर तेच करतो. ट्रान्समीटरच्या कॉइलजवळ दुसरी कॉइल ठेवायची, दोघींत तारेचा संबंध नाही, नुसतं चुंबकीय बोलणं. दुसऱ्या कॉइलला गँग लावून ती हव्या लहरीवर आणायची आणि दोन चिमटे कॉइलच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर लावून फीडर जोडायचे. चिमटे एकेक वेढा सरकवत बसायचं. जुळलं की नाही हे कसं कळणार? दोन्ही फीडरमध्ये टॉर्चचे बारके बल्ब टाकायचे. दोन्ही सारखे उजळले की तोल साधला. व्होल्टेज कुठे जास्त आहे ते बघायला निऑनचा दिवा तारेजवळ न्यायचा, न जोडताच तो पेटतो. मला विचाराल तर कुठल्याही डिजिटल मीटरपेक्षा हे जास्त देखणं आहे.

जाता जाता, ही मंडळी खरंच स्वयंपाकघरातल्या ब्रेड कापायच्या फळीवर सर्किट ठोकायची. इलेक्ट्रॉनिक्सवाले आज ज्याला ब्रेडबोर्ड म्हणतात तो शब्द तिथून आलाय. आपण तो पोळपाट म्हणायला हवा होता.

मग युद्ध आलं. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या हौशी रेडिओचे परवाने बंद केले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी आपल्याला माहीत असतात; पण त्या यंत्रामागचा तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओतला माणूस होता, हे फारसं कुणी सांगत नाही. लहर ४२.३४ मीटरची. गणित करून बघा, सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे आज आपले हॅम ज्या ४० मीटर पट्ट्यात रोज संध्याकाळी गप्पा मारतात, अगदी त्याच पट्ट्यात. पोलीस मागावर, म्हणून केंद्र चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत जागा बदलत राहिलं. १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत. आता एवढं ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल की जागा बदलणं म्हणजे नुसतं खोकं उचलणं नव्हे. नवी इमारत, तारेची नवी उंची, आजूबाजूला नवे पाइप आणि गज. प्रत्येक ठिकाणी अँटेना नव्याने जुळवावी लागणार. इतिहासाच्या पुस्तकात "केंद्र हलवलं" हे दोन शब्द असतात.

त्याच युद्धाने आपल्या दोन तारांचा घातही केला. रडारसाठी कोॲक्स केबलचा ढीग तयार झाला. कोॲक्स म्हणजे टीव्हीच्या डिशला येते तशी गोल केबल, मध्ये तार आणि भोवती जाळी. कल्पना जुनी, पण पॉलिथिन हे नवं इन्सुलेशन मिळालं आणि ती लवचीक व स्वस्त झाली. युद्ध संपल्यावर हा माल अमेरिकेत सरप्लस म्हणून कवडीमोलाने आला. कोॲक्सची सोय नाकारता येत नाही. ती खिडकीतून वाकवा, लोखंडी ग्रिलला बांधा, जमिनीत पुरा, काही होत नाही. उघड्या तारांना हे नखरे चालत नाहीत. धातूपासून हातभर लांब हव्यात आणि वळणं हळुवार हवीत. त्यात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आले आणि शेजारी भांडायला लागले, "तुमच्या रेडिओमुळे आमच्या टीव्हीवर रेघा येतात." मग ट्रान्समीटर पत्र्याच्या पेटीत बंद झाला, बाहेर निघाली ती एकच गोल केबल, आणि ५० ओहम हा आकडा जणू कायदाच झाला.

नुसती सोय म्हणून लोक बदलले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण सोयीच्या मागोमाग एक भीती आली.

१९५६ मध्ये ल्यू मॅकॉय या लेखकाने क्यूएसटी मासिकात 'मोनिमॅच' नावाचं घरी करता येणारं साधं मीटर दिलं. लाइनवरून किती ताकद पुढे जाते आणि किती परत येते, ते हे मीटर दाखवायचं. त्यावरून जो आकडा निघतो त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. १:१ म्हणजे काहीच परत येत नाही. ३:१ म्हणजे शंभरातले २५ वॅट परत येतात. हे मीटर घराघरात गेलं आणि लोकांनी अर्थ काढला की परत आलेले २५ वॅट वाया गेले. झालं! दर रविवारी लोक शिड्या लावून तार चार बोटं कापायला लागले, काटा शून्यावर आणण्यासाठी. घरात नवा डॉक्टर आला की सगळ्यांना बीपी निघतं, तसं. आणि ज्या उघड्या तारांवर एसडब्ल्यूआर सहज १०:१ असायचा, त्या तर आजारीच ठरल्या. बापाच्या पिढीने ज्या तारांवरून जग गाठलं, त्या पोराने अडाणीपणा म्हणून उतरवल्या.

हा समज खोडून काढला वॉल्टर मॅक्सवेल यांनी. हे आरसीए कंपनीत अँटेना अभियंता. १९६० साली अवकाशात गेलेल्या टायरॉस या पहिल्या यशस्वी हवामान उपग्रहाच्या अँटेनावर त्यांनी काम केलेलं. एप्रिल १९७३ पासून त्यांनी क्यूएसटीमध्ये परावर्तनावर लेखमाला सुरू केली आणि म्हणाले ते थोडक्यात असं: परत आलेली ताकद जळून जात नाही. ती खाली ट्यूनरपर्यंत येते आणि ट्यूनर नीट जुळवलेला असेल तर पुन्हा वर धाडली जाते. नुकसान होतं ते फक्त ये-जा करताना लाइनमध्ये जे गळतं तेवढंच.

म्हणजे प्रश्न बादलीचा आहे. गळकी बादली घेऊन विहिरीच्या चार खेपा केल्या तर पाणी संपेल. धड बादलीला खेपांची पर्वा नाही. आता आकडे बघा. बारीक कोॲक्स, आरजी-५८, १०० फूट, ३० मेगाहर्ट्झच्या आसपास: सगळं उत्तम जुळलेलं असतानाही शंभरातले सुमारे ५५ वॅटच वर पोचतात. तेवढीच उघडी ६०० ओहमची लाइन जुळलेली असेल तर सुमारे ९८. आणि ७ मेगाहर्ट्झला याच उघड्या लाइनवर १०:१ चा भीतिदायक एसडब्ल्यूआर असला तरी लाइनमध्ये जातात साधारण पाच-सहा वॅट. थोडक्यात, १:१ दाखवणारं मीटर तुमची केबल किती खाते ते सांगतच नाही. उलट केबल जितकी गळकी, तितकं खालचं मीटर चांगलं दिसतं, कारण परत येणारी ताकद वाटेतच मरते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास गप्प होतो.

मॅक्सवेल म्हणाले म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे सुधारले असं नाही. १९९० मध्ये त्यांनी तेच मुद्दे पुस्तकात मांडले, आणि वाद आजही चालतात. मजा म्हणजे ज्या मॅकॉयने मीटर घराघरात नेलं, त्यानेच जुलै १९७० मध्ये 'अल्टिमेट ट्रान्समॅच' हा घरी बांधायचा ट्यूनर दिला आणि हजारो लोकांना पुन्हा कॉइल गुंडाळायला लावलं. मॅकॉयला दोष देण्यात अर्थ नाही. मीटर बरोबर होतं, वाचणारे चुकत होते.

असंच जी-फाइव्ह-आर-व्ही या अँटेनाचं झालं. इंग्लंडच्या लुई वार्नी यांनी ती १९४६ च्या सुमारास रचली, १०२ फूट तार आणि खाली समांतर तारांचा तुकडा. ट्यूनरशिवाय सगळ्या पट्ट्यांवर चालणारी जादूची तार म्हणून ती आजही विकली जाते. वार्नी स्वतः सांगत होते की बहुतेक पट्ट्यांवर ट्यूनर लागतो. जाहिरातीत ते वाक्य बसत नाही.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ट्यूनर फुकट काम करत नाही. चुकीच्या जागी जुळवला तर कॉइलच गरम होते आणि ताकद खोलीतच राहते. शंभर वॅटवर रेडिओच्या बारीक गँगमध्ये पात्यांमधून ठिणग्या उडतात. त्याला पात्यांत जास्त अंतर असलेला गँग लागतो. आणि तो चिमटा! काकांचं न ऐकता मी एकदा चालू असताना हात लावला. शॉक लागत नाही, सरळ भाजतं. बोटावर टाचणीएवढा पांढरा ठिपका, खोलवर, आठवडाभर ठणकणारा. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "आता तुला कुठे व्होल्टेज जास्त आहे ते कळलं. निऑन दिव्याची गरज नाही."

इथे आपल्याकडच्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००० च्या दशकात बिटएक्स हा रेडिओ रचला. अट एकच, भाग इथल्या बाजारात मिळाले पाहिजेत. कॉइलसाठी परदेशी रिंग मिळेना, तर त्यांनी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली. हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर! तो आराखडा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि जगभरच्या लोकांनी तो बांधला. त्या पोळपाटी परंपरेचा हा सरळ वारस.

कुणाला करून बघायचं असेल तर दोन गोष्टी. नुसतं ऐकायला परवाना लागत नाही असं समजून उड्या मारू नका, नियम आधी वाचा; आणि बोलायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची परीक्षा द्यावीच लागते. दुसरं, तार टांगताना विजेच्या तारांच्या आसपास अजिबात जायचं नाही. पडली तर कुठे पडेल याचा आधी विचार करायचा आणि मगच गच्चीवर चढायचं.

काकांची फळी आता माझ्याकडे आहे. एका गँगची दोन पाती वाकली होती, ती पोस्टकार्डाचा तुकडा मध्ये घालून सरळ केली. गच्चीवर मात्र अजून कोॲक्सच आहे, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये "त्या शिडीसारख्या तारा" हा विषय तीनदा पुढे ढकलला गेलाय. पुढची मीटिंग दिवाळीनंतर. काय झालं ते त्यानंतरच्या भागात सांगतो. भेटूया!